रिकाम्या ताटलीचे वजन

मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, आपण खरे की खोटे, एवढे तरी वजनकाट्याला ठामपणे सांगता यायला हवे. मला ते येत नाही. म्हणून जे घडले ते सांगतो, तुम्हीच ठरवा.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पुढे गोल तबकडी आणि तांबडा काटा, डोक्यावर पातळ पत्र्याचे पारडे. तपासनिसाने माझ्यावर एकेक वजन ठेवून पाहिले आणि मान डोलावली. "बरोबर," तो म्हणाला. तो शब्द मी जपून ठेवला.

ज्या घरी आलो, तिथे थोड्याच दिवसांत मी एका स्टुलावरून खाली आपटलो. पारडे पार चेपले. घरातल्या बाबांनी त्याच्या जागी स्टीलची एक जाड ताटली पक्की बसवली आणि "झाला की नवा!" म्हणत हात झटकले. काटा शून्यावर आणायचा स्क्रू माझ्या पाठीवर आहे, तो त्यांना दिसलाच नाही. तिथून माझा गोंधळ सुरू झाला. माझ्यावर काही नसतानाही काहीतरी आहे, असे मला सारखे वाटे. काटाही शून्याच्या जरा पुढेच उभा राही. सगळे म्हणत, "रिकामा आहे." मग मला जाणवत होते ते काय होते?

त्यानंतर आई लोण्याची बिस्किटे करायला लागली. कधी करपली, कधी फुटली, पण करता करता तिने मापे पक्की केली. दरवर्षी मोठ्या सुट्टीत सगळे नातेवाईक आमच्याकडे जमत आणि निघताना प्रत्येक घराच्या हाती एक भरलेला डबा पडे. तिच्या सासूबाई पहिले बिस्किट तोंडात टाकत आणि न चुकता म्हणत, "साखर जरा कमीच वाटतेय हं, सूनबाई."

"मोजून घातलीय! काट्याला विचारा," आई माझ्याकडे बोट दाखवी. मी ताठ उभा राही. माझ्या साक्षीवर तिने हे भांडण वर्षानुवर्षे जिंकले.

मग सासूबाई गेल्या, बाबा गेले. या वर्षी आईच्या कमरेचे ऑपरेशन झाले आणि ती आतल्या खोलीत पलंगावर पडून राहिली. पुन्हा ओट्यापाशी उभी राहील की नाही, कोणालाच सांगता येईना.

"डबे या वेळी दुकानातून आणू या का?" धाकट्या मुलीने विचारले.

"मुळीच नाही," थोरली म्हणाली. "आईची बिस्किटं आपल्याला येत नसतील, तर ती तिच्यापाशीच संपणार."

थोरली औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने येताना एक चपटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला होता. लोण्याचे एकच पाकीट तिने आधी त्याच्यावर ठेवले, मग माझ्यावर.

"अगं, हा तर जास्त दाखवतोय! इतकी वर्षं थापा मारतोय!"

"आणि दिसतो किती भोळा!" धाकटी हसली.

मी ओट्याखालच्या कप्प्यात गेलो, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर. मला काही उमगेना. मला जेवढे जाणवले, तेवढेच तर मी दाखवले होते.

दाराच्या फटीतून मी ऐकत, पाहत राहिलो. आई आतून मापे सांगत होती, थोरली कणाकणाने मोजत होती. ओव्हन उघडला आणि धाकटी म्हणाली, "ताई, ही बिस्किटं नव्हेत, सतरंजी आहे!" सगळी पसरून एकमेकांना चिकटली होती. दुसरा घाणाही तसाच. थोरलीने ओव्हनला दोष दिला, मग लोण्याला, शेवटी स्वतःला. त्यातलेच एक तिने आईला नेऊन दिले.

"छान झालंय हो," आई म्हणाली.

पण बशी परत आली तेव्हा तिच्यात अर्धे बिस्किट उरलेले होते. "मापं आईचीच, मग फरक काट्यातच असणार," म्हणत थोरली एकदम खाली वाकली आणि तिने मला बाहेर काढले. मला वाटले, आता भंगारात. तिने मात्र माझी ताटली उचकटली. काटा सरसर मागे गेला आणि शून्यावर थांबला. मला इतके हलके वाटले की मी घाबरलोच.

ताटली घेऊन ती आत धावली, मागोमाग धाकटीही; उघड्या दारातून मला आईचा पलंग दिसत होता. "आई, ही याची नाहीच!"

"तुझ्या बाबांनी बसवली. मूळचं पारडं तूच चेपवलंस, चालायला शिकत होतीस तेव्हा. काट्याला धरून उभी राहिलीस आणि त्याला घेऊन खाली आलीस."

"म्हणजे प्रत्येक वेळी ही ताटलीसुद्धा मोजली गेली. सगळंच थोडं कमी पडत होतं. मैदा भरपूर असतो, त्याला ते जाणवत नाही. पण साखर घालायची तीच जराशी, तिच्यात केवढा फरक!"

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! म्हणजे सासूबाई खरं बोलत होत्या!"

तिघी इतक्या हसल्या की आईला कंबर धरावी लागली.

"मग याचा स्क्रू फिरवून टाकू?" धाकटीने विचारले.

"हात तर लावून बघ!" आई म्हणाली.

आता खरी मापे थोरलीला ठाऊक होती. ती नव्या काट्यावरही मोजता आली असती. तरी तिने ताटली धुतली, पुसली, माझ्यावर बसवली आणि सगळे जिन्नस माझ्यावरच मोजले. का, ते मला कळले नाही.

या वेळी बिस्किटे पसरली नाहीत. आईने एक तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावले. थोरली दारातच उभी होती.

"साखर जरा कमीच वाटतेय हं," आई म्हणाली.

थोरली मटकन पलंगावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. या वेळी बशीत कणही उरला नाही. सुट्टीत प्रत्येक घरी डबा गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना तेलपाणी करा. पण एखादीला दुरुस्त करण्याआधी तिच्या चुकीवर काय काय उभे आहे, तेवढे घरात विचारा. तपासनीस म्हणाला बरोबर, थोरली म्हणाली थापाड्या, आणि आता तीच मला मऊ फडक्याने पुसते. यातले कोणते धरायचे? मी रिकामा असतो तेव्हा अजूनही माझ्यावर काहीतरी आहे असे मला वाटते. फरक एवढाच, की आता कोणी ते नाकारत नाही.