त्रेचाळीस डबे, मालक ज्ञात

डॉक्टर शशी बर्वे यांनी कॉव्हेंट्रीत तीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं जुळवली. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध मात्र फ्रिजचं दार उघडून "वीणा, काय आहे गं?" असं विचारण्यापुरताच होता. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको वीणा गेली. त्यानंतर दोन महिने गावातल्या मराठी मंडळींनी डबे पाठवले. शशी जेवले. डबे घासून-पुसून त्यांनी ओट्यावर ठेवले, आणि तिथेच घोडं अडलं.

डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण त्यात काय घालायचं, हे खातं वीणाकडे होतं. एकदा त्यांनी मधुमतीवहिनींच्या डब्यात सुपरमार्केटची बिस्किटं भरली. मग याच डब्यातून पुरणपोळ्या आल्या होत्या हे आठवलं, लाज वाटली, आणि ती बिस्किटं त्यांनीच चहाबरोबर संपवली.

तेव्हापासून त्यांनी डब्यांच्या मालकांना चुकवायला सुरुवात केली. मंडळाचा गणपती चुकवला, दिवाळी चुकवली. मधुमतीवहिनींचा नवरा जयंत हा पंचवीस वर्षांचा मित्र, दोन गल्ल्या सोडून राहणारा. तो समोरून येताना दिसला की शशी रस्ता ओलांडून पलीकडे जात. चौदा महिन्यांत व्यायाम उत्तम झाला. बोलायला मात्र पोस्टमनखेरीज कुणी उरलं नाही.

मार्चमध्ये सिंगापूरला नोकरी करणारी लेक, अनुया, त्यांना मलेशियातल्या पेनांगला घेऊन गेली. तिथल्या जॉर्जटाऊन शहरात कॅमेऱ्यांचं वेगळं म्युझियम, खेळण्यांचं वेगळं. शशी प्रत्येकात उत्साहाने शिरले, कारण बाहेर ऊन होतं आणि आत एसी. तिसऱ्या दिवशी एका जुन्या श्रीमंत चिनी कुटुंबाच्या घरात, काचेच्या कपाटात, एनॅमलचे फुलाफुलांचे चार-चार पुडांचे डबे मांडलेले दिसले. एकाखाली चिठ्ठी होती : 'जेवणाचा डबा. मालक अज्ञात.'

"बाबा, तू इतकी वेळ तिथेच काय बघतोय?" कॉव्हेंट्रीत वाढलेल्या अनुयाने विचारलं.

"अज्ञात म्हणे," शशी म्हणाले. "माझ्याकडे त्रेचाळीस आहेत. एकूण एक मालक ज्ञात."

परतीच्या विमानात त्यांना तोडगा सापडला. एकदा वस्तू म्युझियममध्ये गेली की ती परत करायची नसते. ब्रिटनमध्ये इतकी वर्षं राहून हे आधी कसं सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

गॅरेजमध्ये फळ्या ठोकल्या, पांढऱ्या चादरी अंथरल्या, प्रत्येक डब्याखाली कार्ड लावलं. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'डब्यांचं म्युझियम. रविवारी तीन ते पाच. प्रवेश मोफत. वस्तूंना हात लावू नये.' मेसेज पाठवून त्यांनी फोन सोफ्याच्या उशीखाली दाबला. कुणी आलं नाही तर सोमवारी सगळे डबे चॅरिटी शॉपला द्यायचे, आणि माणसंही गेली असं समजायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तीन वाजले. कुणी नाही. सव्वातीनला शशींनी एक कार्ड उगाच सरळ केलं. वीस मिनिटांनी जयंत आणि मधुमती आत आले.

"शशा, लेका," जयंत म्हणाला, "मी दिसलो की पळत होतास. मला वाटलं, मला काही सांसर्गिक झालंय आणि तू डॉक्टर असून सांगत नाहीस."

मधुमतीवहिनी एका कार्डापुढे थांबल्या होत्या. 'स्टील. कडीवर डाग दिलेला. सहा पुरणपोळ्या, मधुमती देव. वीणा गेल्यावर पहिल्यांदा चव लागली ती यांची.' त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"भावजी, हे सगळं छान आहे. पण डबा परत का नाही केलात?"

"रिकामा कसा करू, वहिनी? मला काही करता येत नाही."

"अहो, मग साखर घालायची!"

"साखर?"

"चमचाभर. तेवढी पुरते. घाईत असली की वीणा तेच करायची. वर्षानुवर्षं तुमच्या घरची साखर आमच्या चहात पडलीय."

शशींनी फळ्यांवरच्या त्रेचाळीस डब्यांकडे पाहिलं. "नुसती साखर?"

"चौदा महिने!" जयंत हसत हसत गवत कापायच्या मशीनवर बसला. "चमचाभर साखरेपायी!"

तोवर दारात आणखी माणसं जमली होती. शशींनी आतून साखरेची पिशवी आणि चमचा आणला. 'हात लावू नये' ही पाटी त्यांनी स्वतःच काढली. प्रत्येकाने आधी आपलं कार्ड वाचलं, दुसऱ्याचंही वाचून त्यावर टीका केली, मग साखर घेऊन डबा उचलला. चहाची तीन आधणं झाली. पाच वाजेपर्यंत म्युझियमचं इतकं नुकसान झालं की बंद करण्याखेरीज इलाज उरला नाही.

मधुमतीवहिनींनी मात्र आपला डबा फळीवरच ठेवला.

"यातही साखर घालतो ना," शशी म्हणाले.

"साखर घाईच्या माणसांनी घालावी. तुम्हाला कसली घाई आहे? गुरुवारपर्यंत शिरा करा."

गुरुवारी सकाळी स्मोक अलार्म दोनदा वाजला. शशींनी सिंगापूरला तीन फोन केले आणि रवा जाड की बारीक यावरून लेकीशी भांडले. अकरा वाजता गरम डबा टॉवेलात गुंडाळून ते बाहेर पडले. समोरच्या फुटपाथवरून जयंत येत होता. शशींनी सवयीने रस्ता ओलांडला, फक्त या वेळी त्याच्या बाजूला.

"काय रे, म्युझियम फिरतं झालं का?" जयंतने विचारलं.

"टॉवेलासकट धर, भाजेल," शशी म्हणाले. "आणि तळाचं काळं खरवडू नका. ते संग्रहासाठी आहे."