फायबरमध्ये करंट येत नाही

फायबरकाकांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलासुद्धा क्षणभर आठवून सांगावं लागलं असतं. उभा जन्म त्यांनी होड्यांच्या कारखान्यात काढला होता. त्यांच्या हातून निघालेली एकही होडी कधी गळली नाही, असं ते स्वतःच सांगत आणि दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत सांगत. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर चिकट रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून आत अडकलेला शेवटचा बुडबुडा हुसकून काढायचा. या कामात बोटांची सालं निघाली, नाकाचा वास गेला, पण फायबरवरचा जीव काही कमी झाला नाही. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा ते घरातल्या चिरलेल्या बादल्या सांधत बसू लागले. बादल्या संपल्या आणि काकूंना पुढची धास्ती वाटायला लागली.

तेवढ्यात लेकीला दिवस गेल्याची बातमी आली. लेक लांबच्या गावात राहायची आणि तिचं घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकाचा ओटा. दोघं एकदम वळली तर तिसऱ्याला बाहेर उभं राहावं लागे. काकूंना तर लेकीजवळ राहायचं होतं. पाहुण्यासारखं दोन दिवस नव्हे, चांगलं बाळ मान धरेपर्यंत. राहायचं कुठे, हा प्रश्न होता. लेकीच्या घरापुढे मोकळी जागा होती, आणि काकांना एका भंगारवाल्याच्या आवारात ते सापडलं.

ते म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायचं फायबरचं चाकांवरचं घर. गोल पाठीचं, बुटकं, पांढऱ्याचं पिवळं पडलेलं. काकूंनी पाहताक्षणी त्याला ‘अंडं’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. काका मात्र पहिल्या भेटीतच विरघळले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी वाजवून पाहिली. कुठे भरीव आवाज येतो, कुठे पोकळ, हे ते कान लावून ऐकत होते. नाडी पाहणाऱ्या वैद्याचा चेहराही इतका गंभीर नसेल.

अंडं मागच्या अंगणात आलं आणि काकांना पुन्हा तारुण्य आलं. छपराला गेलेल्या चिरा त्यांनी खरवडून भरल्या, वर नवा थर चढवला, पॉलिशपेपरने घासून घासून भिंत अशी केली की हात फिरवत राहावंसं वाटे. खिडक्यांचं कडक झालेलं रबर बदललं. पाणी मुरून भुसभुशीत झालेला जमिनीचा तुकडा कापून नवा बसवला. काकूंनी पडदे शिवले. आतल्या बाकाखाली बाळाची दुपटी मावतील असा कप्पा काकांनी न सांगता केला, तेव्हा काकूंना भरून आलं. हे खरंच होणार, आपण खरंच लेकीच्या दारात राहणार, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग वायरिंगचं काम निघालं.

“वायरमनला बोलवा हो,” काकू म्हणाल्या.

“तो येऊन काय वेगळं करणार? दोन दिवे, एक छोटा फ्रिज, तुझा गिझर. हातचा मळ आहे माझ्या.”

गिझर काकूंनीच मागितला होता, बाळाच्या अंघोळीला हाताशी गरम पाणी असावं म्हणून. भंगारातूनच मिळालेला तो छोटा गिझर काकांनी सिंकखाली, तळाच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चासीला, बोल्टने घट्ट आवळला. घराच्या मागच्या भिंतीपासून अंड्यापर्यंत केबल ओढली. केबलमध्ये तीन वायरी होत्या, पण अंगणातलं सॉकेट जुनं, दोनच भोकांचं. काकांनी तिसरी, अर्थिंगची वायर, सरळ छाटून टाकली. “घर फायबरचं,” ते वायरीलाच समजावत असल्यासारखे म्हणाले, “त्याला अर्थिंग कशाला? फायबरमध्ये करंट येत नाही.”

यात खोटं काही नव्हतं. फायबरमध्ये करंट येत नाहीच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काकू अंगण धूत होत्या. ओल्या फरशीवरून अनवाणीच अंड्याकडे गेल्या, दाराच्या हँडलला हात घातला आणि ‘आई गं!’ म्हणून मागे सरल्या. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या.

काका धावत आले. पायात नेहमीच्या जाड रबरी सपाता. कारखान्यात सांडलेल्या रेझिनवरून चालायची सवय लागलेली, त्यामुळे त्या सपाता त्यांच्या पायातून फक्त झोपताना निघत. त्यांनी हँडल धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

“कुठे काय आहे?”

“अहो, मला लागला ना शॉक.”

काकांनी टेस्टर आणला आणि मोठ्या ऐटीत अंड्याच्या गुळगुळीत भिंतीला टेकवला. टेस्टरमधला दिवा काही लागला नाही. त्यांनी तो छपराला लावला, मागच्या बाजूला लावला, खिडकीखाली लावला. “बघ. बघितलंस? आता तूच सांग.” हँडलला लावायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते घर म्हणजे फायबर, आणि फायबरचा प्रश्न तर मिटला होता.

“मग मला काय झालं?”

“बीपीची गोळी घेतलीस का आज?”

काकूंनी पुढे वाद घातला नाही. संसारात त्यांनी असे पुष्कळ वाद सोडून दिले होते. दाढ दुखते म्हटलं की ‘गार पाणी पिऊ नकोस’, छतातून पाणी टपकतं म्हटलं की ‘तुला भास होतो’. दाढ शेवटी काढावी लागली आणि छताचं प्लास्टर बिछान्यावर पडलं, पण तोवर मूळ कुणी काय म्हटलं होतं हे काका विसरलेले असत. काकू विसरत नसत. त्यांनी फक्त पडद्याच्या उरलेल्या कापडाची, आत जाड रबराचा तुकडा घातलेली एक खोळ शिवली आणि हँडलला चढवली.

काकांना ती खोळ डोळ्यांत सलायला लागली. इतकं देखणं घर आणि दाराला हे फडकं! त्यांनी ती काढली. काकूंनी पुन्हा घातली. असं चार-पाचदा झालं. शेवटी एका सकाळी काकांनी खोळ काढून थेट कचऱ्यात टाकली.

काकूंनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “मी यातून येणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही न्या तुमचं अंडं. मी बसने जाईन. लेकीच्या ओट्याखाली पथारी टाकीन, नाहीतर राहीन इथेच. पण जे घर मला चावतं, त्यात मी राहणार नाही.”

काकांच्या वर्मी लागलं. आपण हाडाची काडं करून केलेल्या घराला ही चावकं म्हणते! ते दिवसभर घुम्यासारखे अंड्याला पॉलिश करत बसले. वाईट दोघांनाही वाटत होतं. पण काकूंचं मन जास्त तुटत होतं, कारण बस काय, पथारी काय, ते सगळं बोलण्यापुरतं होतं. त्या खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. अंड्यातून नाही म्हणजे लेकीजवळच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात जावई आपल्या कामासाठी या बाजूला येणार होता. त्याच्यासोबत लेक आली. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं, आणि पावलं अशी सुजली होती की चपला पायांत रुतत होत्या. उंबऱ्यातच तिने चपला भिरकावल्या. “आधी अंडं बघणार,” म्हणत ती मागच्या दाराने अंगणात उतरलीसुद्धा. लेक येणार म्हणून काकूंनी अंगण नुकतंच स्वच्छ धुतलं होतं. फरशीवर पाणी होतं. केबल सॉकेटमध्ये होती, कारण काकांना गरम पाणी काढून दाखवायचं होतं.

“बाबा, किती गोड केलंय हो!” लेक अनवाणी पावलांनी पाण्यातून चालत दारापाशी पोचली आणि तिने हात पुढे केला.

“हात लावू नकोस!” काकू स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. त्यांच्या हातातली पातेली खाली पडली.

लेक जागच्या जागी थांबली. हात हँडलपासून वीतभर लांब. तिने आईकडे पाहिलं, मग हसून बाबांकडे. “काय झालं? बाबा, लावू का?”

आता काकांना बोलायचं होतं ते नेहमीचंच एक वाक्य. लाव गं, काही होत नाही, फायबरमध्ये करंट येत नाही. गेले कितीतरी दिवस ते उठताबसता हेच म्हणत होते. त्यांनी तोंड उघडलं. समोर लेकीची सुजलेली ओली पावलं होती. तिचा एक हात पोटावर होता.

वाक्य काही बाहेर पडेना.

“थांब,” काका म्हणाले.  “मागे हो. हो मागे, चिमणे.” आणि ते सपाता फटफटवत भिंतीकडे धावले, सॉकेटचं बटण बंद केलं, केबल उपटून काढली.

परत वळले तर काकू तिथेच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “तिच्यासाठी थांबलात. मला सांगत होतात, काही नाही म्हणून.”

काका हातातल्या केबलचं वेटोळं करत राहिले.  आपल्याला मनातून शंका होती का? नव्हती, असं त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. पण मग जीभ का अडकली? बायकोच्या हाताच्या बाबतीत जी खात्री सोळा आणे होती, ती लेकीच्या हाताच्या वेळी कुठे गेली? काकांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जेवणं झाली, लेक नि जावई आत जरा आडवे झाले. काकांनी अंगणाचं दार आतून कुणी उघडणार नाही असं बंद केलं, केबल पुन्हा जोडली आणि सपाता घातलेल्या पायांनी जाऊन टेस्टर हँडलला लावला. दिवा लागला. लोखंडी पायरीला लावला. लागला. वाकून चासीला लावला, तिथेही लागला. भिंतीला लावला, तर तिथे अंधार. त्यांचं फायबर तेवढं निर्दोष होतं, आणि त्या निर्दोष कवचाखालचं सगळं लोखंड वाट बघत बसलं होतं. गिझरमधली वीज गळून चासीत उतरत होती, आणि चासीला जोडलेल्या दाराच्या लोखंडी चौकटीतून हँडलपर्यंत पोचत होती. तिला जमिनीत जायला वाट हवी होती. ती वाट काकांनी स्वतःच्या हाताने छाटून टाकली होती. खाली रबरी टायर, टेकूच्या जॅकखाली लाकडी ठोकळे. मग ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून जे कुणी हँडल धरील, ते माणूसच तिची वाट होणार.

 मग काकांनी एका पायातली सपाता काढली.

“काय चाललंय?” मागून काकूंचा आवाज आला. त्या शेजारच्या बोळातून वळसा घालून आल्या होत्या.

“तुला काय झालं होतं ते मला बघायचंय.”

“डोकं फिरलंय का? घाला ती सपाता! घाला आधी!” काकूंनी कपाळावर हात मारला. “मी सांगितलं होतं ना काय झालं ते? माझं खरं मानायला तुम्हाला शॉक खायला हवा का?”

काकांनी सपाता घातली. केबल काढली. मग अंड्याच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे डोळे पुसायला लागले. काकू शेजारी येऊन टेकल्या. पायरी दोघांना अरुंद होती. त्यामुळे काका सरकले.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला काही झालं असतं म्हणजे?”

“झालं नाही,” काकू म्हणाल्या. “आता वायरमनला बोलवा.”

वायरमन आला. काका पूर्ण वेळ त्याच्यामागे बॅटरी धरून उभे होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत, हेही नोंद घेण्यासारखं. गिझरची कॉइल आतून फुटलेली निघाली. नवा गिझर बसला, अंगणात तीन भोकांचं सॉकेट आलं, अर्थिंगची वायर पार चासीपर्यंत गेली आणि बोल्टने आवळली गेली. आत दाराशेजारी एक ब्रेकर बसला. वीज कुठेही गळायला लागली की हा एका क्षणात सगळं बंद करतो, असं वायरमन म्हणाला. त्यावर एक छोटं बटण होतं. ब्रेकर जागा आहे की नाही ते पाहायला ते अधूनमधून दाबायचं.

“ते काम हिचं,” काका म्हणाले.

काकूंनी बटण दाबलं. ‘टक’ आवाज झाला आणि अंड्यातले दिवे गेले. त्यांना इतकी मजा वाटली की त्यांनी लगेच आणखी एकदा करून पाहिलं. मग ब्रेकर पुन्हा चालू करून, टेस्टर स्वतः हातात घेऊन, तो सिंकला आणि खाली उतरून हँडलला, पायरीला लावला. कुठेही दिवा लागला नाही. तरी त्यांनी नवी खोळ शिवलीच. काकांनी ती आपल्या हाताने हँडलवर चढवली आणि टोकाच्या नाड्यांची गाठही मारली.

निघायचा दिवस आला. काका गाडी चालवत होते, मागे अंडं डुलत येत होतं, आणि बाकाखालच्या कप्प्यात दुपटी होती. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. गाडीने छान वेग धरला होता.

“अहो,” काकू म्हणाल्या, “अंड्याच्या डाव्या चाकातून आवाज येतोय.”

काकांनी कान दिला. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. बेअरिंगला त्यांनी स्वतः नवं ग्रीस भरलं होतं, नट स्वतः आवळले होते. एक वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले, उन्हात गुडघ्यांवर बसून डावं चाक तपासलं, हाताने हलवून पाहिलं, नट पुन्हा आवळून पाहिले, मग उजवंही पाहिलं. हात पुसत परत आले. “मला काही सापडलं नाही,” ते म्हणाले. “पण परत आला आवाज तर लगेच सांग. पुन्हा थांबू.”

काकू पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या.

“आवाज नव्हता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही थांबताय का, ते बघत होते.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडी सुरू केली.