पेट्रोलही, वीजही, पण गिऱ्हाईक नाही

मित्रांनो, मी दोन वर्षांची एक मोटार आहे, तरी मला सगळे जुनीच म्हणतात. माझ्या पोटात पेट्रोलचं इंजिन आहे आणि मोठी बॅटरीही. घरच्या प्लगला लावलं की मी गावात विजेवर धावते, लांबच्या प्रवासात पेट्रोलवर. अशा गाड्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात.

बिबवेवाडीच्या एका शोरूममध्ये तनुजाताई मला गिऱ्हाइकांना चालवून दाखवत. लोक बसत, कौतुक करत आणि शेजारची साधी पेट्रोलची गाडी घेऊन जात. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ सगळं नीट ऐकून म्हणाले, "म्हणजे दोन्ही डगरींवर हात. अहो, आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये दिवा लावायला तीन मिटिंगा होतात. तुमचा प्लग कोण लावू देणार?"

वर्षभरात माझ्या जातीच्या चारच गाड्या विकल्या गेल्या. एके सकाळी मॅनेजर विक्रम सर विक्रीच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "हे मॉडेल बंद होतंय. ही गाडी जागा अडवून बसलीय. यार्डात पाठवा."

यार्ड म्हणजे शहराबाहेरची पत्र्याची शेड. तिथे मला कुणी प्लगला लावलं नाही. बॅटरी रोज थोडी उतरत गेली. शेजारी माझ्यासारखीच एक गाडी होती. आधी तिचे आरसे काढून नेले, मग दिवे, मग एक दार. दुसऱ्या गाड्यांना लागतील तसे तिचे भाग जात होते. कुणी पाना घेऊन आलं की मला वाटे, आज माझी पाळी. त्यातच उंदीर आले. बॉनेटखाली ते माझ्या वायरी कुरतडत आणि मी नुसती ऐकत उभी असे.

सात महिन्यांनी तनुजाताई आल्या. सोबत मेकॅनिक दिगंबर होते. मला गिऱ्हाईक मिळालं होतं! पण दिगंबरनी बॉनेट उघडून वायरी चाचपल्या. "ताई, वायरी खाल्ल्यात. वरून टेप लावली तर चालेल. पण किती दिवस, ते सांगता येणार नाही."

तनुजाताईंनी सरांना फोन केला. ते म्हणाले, "टेप लावा, धुऊन आणा आणि गप्प बसा. या महिन्यात तुमची एकही गाडी गेलेली नाही, लक्षात आहे ना?"

टेप लावून, धुऊन मला शोरूममध्ये आणलं. गिऱ्हाईक होते अल्लाबक्षभाई, मंडईतले फळांचे व्यापारी. बिबवेवाडीत त्यांचं स्वतःचं घर होतं, त्यामुळे प्लगसाठी कुणाची परवानगी नको होती. त्यांच्या पत्नी जुबेदाआपांनी माझ्या सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "आमची रुमाना साताऱ्याला असते. तिचे दिवस भरत आलेत, सारखं जावं लागतं. घाटात ही दगा देणार नाही ना?"

ताई खरं बोलल्या तर मी परत शेडमध्ये जाणार होते. गप्प राहिल्या तर एखाद्या दिवशी खंबाटकी घाटात, भरल्या रस्त्यावर, मीच या माणसांना घेऊन बंद पडणार होते. कशाची भीती जास्त, तेच मला कळेना.

तनुजाताई पुढे आल्या. त्यांनी बॉनेट उघडलं. "आपा, उंदरांनी वायरी खाल्ल्या आहेत. आम्ही वरून टेप लावली आहे. अशीच नेऊ नका."

अल्लाबक्षभाईंनी वाकून एकेक वायर बघितली. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात खालचा माल पेटी घरी गेल्यावर कळतो. तुम्ही इथेच उघडून दाखवलात. वायरी नव्या घाला, आम्ही थांबतो."

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. विक्रम सरांनी मात्र तनुजाताईंशी बोलणंच टाकलं, आणि दोन महिन्यांत ताईंनी ती नोकरी सोडली. हे मला मागाहून, दिगंबर सर्व्हिसिंगला आले तेव्हा कळलं.

आता रोज संध्याकाळी जुबेदाआपा मला प्लगला लावतात. परवा रुमानाचं बाळ मागच्या सीटवर झोपलं होतं आणि आम्ही घाट चढत होतो. भीती माझी अजून गेलेली नाही. पूर्वी ती माझ्यासाठी असायची, आता त्या बाळासाठी असते.

मित्रांनो, न खपलेल्या वस्तूलाही कुणीतरी सांभाळावं लागतं. तिला अंधारात टाकून विसरू नका. आणि कधी ती दुसऱ्याच्या हाती देणार असाल, तर तिचं दुखणं झाकू नका. आम्हाला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं.