लाखेचे ठिपके

शहागंजात शौकतमियाँ मुन्सिफांच्या दिवाणखान्यात दरसाल रेडिओची शर्यत व्हायची. औरंगाबादेत रेडिओ मोजकेच. ते उचलून तिथं आणायचे, गच्चीवरच्या तारेला आळीपाळीनं जोडायचे आणि आपल्या पाळीत जो जास्तीत जास्त स्टेशनं पकडून ओळखेल तो जिंकला. नियम एकच: बाहेरची मदत घेणारा बाद.

यंदा बक्षीस होतं नवा व्हॉल्व्ह. लढाई सुरू झाल्यापासून तो हैदराबादेतही मिळेना. वच्छलाला तर तो हवाच होता. तिच्या रेडिओतला जुना व्हॉल्व्ह घटकाभर बोलायचा, मग धाप लागल्यासारखा बसत जायचा. रेडिओ अण्णांचा, तिच्या वडिलांचा. चैत्रात अण्णा गेले. आता हाही मुका झाला, तर घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज उरणार नव्हता.

तिनं रेडिओ मेजावर ठेवला, तोच आप्पासाहेब वकील उभे राहिले. अण्णांचे शेजारी, आणि जन्माचे भांडणसोबती.

"हरकत आहे. काचेवर लाल ठिपके दिसतायत."

ठिपके होतेच. अण्णा टपाल कचेरीत होते. थैल्यांवर मोहोर करून उरलेल्या लाखेचा एकेक थेंब त्यांनी एकेका स्टेशनाच्या जागी टाकला होता.

"अण्णांनी केलेत, काका. तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणूनच म्हणतो. शर्यतीत तू, खुणा त्याच्या. ही बाहेरची मदत."

"अण्णा बाहेरचे?"

आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पण वकील माणूस, हातचा दावा सोडवेना.

"कायद्यानं बोलतोय मी, पोरी."

"मग कायद्यानंच सांगा. तुमच्या रेडिओवर दिल्ली, लाहोर छापलंय ते कुणी? विलायतेतल्या कारखानदारानं. तो कधी तुमच्या पंगतीला बसला होता?"

लोक हसले. शौकतमियाँनी दाढी कुरवाळली. बांधाचे, विहिरीचे तंटे त्यांनी पुष्कळ तोडले होते. मरहूम माणूस घरातला की बाहेरचा, हे त्यांच्यापुढं पहिल्यांदाच आलं होतं.

"मामला पेचदार आहे," ते म्हणाले.

"पेच कसला?" चिकाच्या पडद्याआडून त्यांच्या पत्नी फहमिदाबेगम बोलल्या. "सबके मुँह पे कागद चिकटवा. खळ मी देते."

निवाडा झाला. सगळ्यांच्या काचांवर कागद बसले. आप्पासाहेबांच्या रेडिओची काच मागंच फुटली होती. त्यांचा कागद थेट छापील पट्टीवर बसला.

त्यांनी दिल्ली धरली, मुंबई धरली. मग पुष्कळ खरखर करून छाती काढून म्हणाले, "मद्रास!"

पडद्याआड हसू फुटलं.

"म्हणजे मद्रास नाही? मग परत मुंबईच!" आप्पासाहेबांनी घाईनं काटा हलवला.

"वकीलसाहेब, बेगमच्या हसण्यावरून तुम्ही ओळखलंत," शौकतमियाँ म्हणाले. "ही मदत झाली."

"मी मागितली कुठं? त्यांना आवरा ना!"

"ते मला निकाह झाल्यापासून जमलेलं नाही."

वच्छलाची पाळी आली. तिनं गुंडीवर बोटं ठेवली. शेवटचं वर्ष अण्णा खाटेवरच होते. तिथून ठिपके दिसत नसत, तरी स्टेशन लावायचं ते त्यांच्याच हुकमानं. जरा मागं. अजून. हां, बस. बोटं तशी फिरली. हैदराबाद लागलं. मुंबई, दिल्ली, लाहोर. जरा मागं. मद्रास. कोलंबो बोललं तेव्हा व्हॉल्व्हचा दम बसत आला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आप्पासाहेब गप्प बसले तर ते आप्पासाहेब कसले! "तिला शपथेवर विचारा. कुणी मदत केली का?"

शौकतमियाँनी विचारलं.

"बाहेरच्या कुणी नाही," वच्छला म्हणाली.

घरी येऊन तिनं नवा व्हॉल्व्ह बसवला. रेडिओ खणखणीत बोलू लागला. मग तिनं वाळलेला कागद ओढला, आणि ठिपके त्याच्याबरोबर निघून आले. काच लख्ख झाली. तिनं लाखेचे कपचे वेचून वाटीत ठेवले आणि रेडिओ बंद केला.

सकाळी दारात आप्पासाहेब, काखेत रेडिओ.

"मी पाणी लावून कागद काढला. लाहोर गेलं, मद्रास अर्धं राहिलंय. आता काय करू?"

वच्छलानं वाटी पुढं केली. त्यांनी कपचे पाहिले, तिच्या रेडिओची काच पाहिली आणि पाटावर बसले.

तिनं पळीत लाख वितळवली. आधी स्वतःचा रेडिओ लावला. नव्या व्हॉल्व्हनं जागा जरा सरकल्या होत्या, हैदराबाद सापडेना.

"जरा मागं घे," आप्पासाहेब म्हणाले. "अजून. अगं, थांब ना!"

तिची बोटं थांबली. गाणं लागलं होतं.

"काका, ही बाहेरची मदत झाली."

"बाहेरची?" आप्पासाहेब उसळले. "मी बाहेरचा?"

तिनं काट्याच्या जागी काचेवर लाखेचा थेंब सोडला आणि चहाचं आधण ठेवायला उठली. पाठीमागं आप्पासाहेबांचा युक्तिवाद सुरूच होता.