पितळेखालची फट

शामनं सुरीच्या पात्यावरच्या पितळेच्या तिरक्या कडेला काजळी फासली, मुठीचं लाकूड तिच्याखाली सरकवून दाबलं आणि परत ओढून काढलं. काळा डाग लाकडाच्या एकाच कोपऱ्यात उमटला होता. म्हणजे बाकी सांधा अधांतरीच. त्यानं तेवढाच कोपरा कानशीनं हलकेच घासला. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. पात्याला जडवलेल्या या पितळेची मागची कड आतल्या बाजूला तिरकी घासली, की लाकूड तिच्याखाली अडकून बसतं. पाण्यात भिजलं तरी सुटत नाही. फक्त सगळी कड काळी उमटेपर्यंत दम धरावा लागतो.

दिवाळीच्या घाईत त्यानं तो दम धरला नव्हता. याच सुरीच्या सांध्यात राहिलेली फट सरसात भुसा कालवून बुजवली होती, वरून पॉलिश मारलं होतं. कोहळं चिरताना मूठ सांध्यातून सुटली आणि पातं वळून मानीबाईच्या तळहातात घुसलं. तांड्यातल्या प्रत्येक लग्नात भाजी चिरायला बसणारी बाई ती.

दुपारी तो सुरी घेऊन कळंबहून तांड्यावर गेला. मानीबाई ओट्यावर एकटीच बसली होती.

“नवी मूठ बसवली, काकी.”

“तुले फुकटचा तरास. चूक आमचीच रे. बबितानं रातभर पान्यात ठेवली सुरी. लाकूड फुगन नाही तं काय?”

तिनं उजवा हात पुढं केला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मुठीवर वळलीच नाहीत. मग सुरी डाव्या हातात घेऊन तिनं सांध्यावरून अंगठा फिरवला.

“बेस बसवली.”

शामनं घरात नजर टाकली. “बबिता वहिनी दिसत नाही?”

“मुकुटबनले हाय, माहेरी. लई बोलली मी तिले. तोंडाले आलं ते बोलली. पोरगा आनाले गेलता, तं म्हने नाही येत.”

शाम उठला. एक पाय चपलेत घातला, दुसरा तसाच राहिला.

“काकी, पान्यानं नाही झालं ते. सांध्यात फट होती. मले माहीत होतं. मी भुसा भरून बुजवली.”

मानीबाईनं सुरी खाली ठेवली, पातं भिंतीकडे करून. आता ती शिव्या देईल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. शिव्या आल्या नाहीत.

“बबिता रडून रडून सांगे,” ती म्हणाली, “म्या नाही ठेवली पान्यात म्हनून.”

समोरच्या घरात कुणीतरी धान पाखडत होतं.

“मुकुटबनची गाडी सकाळची असते ना?” मानीबाईनं विचारलं.

“असते. मी जातो, काकी. वहिनीले सगळं सांगतो.”

“तू एकटा कायले?” मानीबाईनं डाव्या हातानं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. “तुहं तू सांग. माहं मलेच सांगा लागन.”