पुरे झाली नाटकं

मी डास बोलतेय. 'बोलतेय' ऐकून दचकू नका. चावते, रक्त पिते आणि मलेरियाचा ताप ह्याच्याकडून त्याच्याकडे पोचवते ती डासाची मादीच. नर बिचारा फुलापानांच्या रसावर दिवस काढतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तर मी मादी. पण हात उगारायचं कारण नाही, कारण मी कागदाची आहे. एके काळी मला बघून पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. आता माझ्याकडे बघून शिंक तेवढी येते.

माझा जन्म शिवणयंत्राशेजारी झाला. मला घडवणाऱ्या बाई लोकांचे कपडे शिवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचे यजमान औषधफवारणीच्या पथकात होते. पाठीवर पंप घेऊन ते दिवसभर गल्ल्या पालथ्या घालायचे आणि संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सताईंबरोबर वस्त्यावस्त्यांत मलेरियाचे कार्यक्रम करायचे. नुसत्या भाषणाला लोक जांभया देतात, हे दोघांच्याही लवकरच लक्षात आलं. मग नाटक करायचं ठरलं, आणि नाटकाला डास हवा म्हणून मी आले.

मावशींनी तारेचा सांगाडा केला, त्यावर खळ लावून रद्दी चिकटवली. पायांना मोडक्या छत्रीच्या काड्या, डोळ्यांना कोटाची दोन मोठी काळी बटणं. पंख मात्र एका फाटक्या मच्छरदाणीचे! डासाला मच्छरदाणीचे पंख. मावशी स्वतःच ते शिवता शिवता हसत होत्या. पोटाच्या जागी लाल साटिनची पिशवी होती, आणि आत जुन्या मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा. मागून नळीनं हवा भरली की रक्त प्यायल्यासारखं माझं पोट टम्म फुगायचं. हे काम दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरकडे होतं. तो मला काठीवर उचलून नाचवायचा, तोंडानं 'गुंऽऽई' असा आवाज काढायचा आणि पायानं हवा भरायचा. गाडी चालवण्यापेक्षा हेच त्याला जास्त जमत होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नाटक साधंच होतं. मावशींचे यजमान संध्याकाळी उघड्या अंगानं पाण्याच्या उघड्या पिंपाशेजारी बसायचे. मी यायची, मानेवर सोंड टेकवायची, पोट फुगवून निघून जायची. मग ते थरथरायला लागायचे. काय थरथरायचे! आधी हनुवटी, मग खांदे, मग गुडघे, आणि शेवटी ज्या खाटेवर पडायचे ती खाटसुद्धा. दात असे वाजायचे की मागच्या रांगेत ऐकू यावेत. लोकांनी त्यांचं नावच 'हुडहुडीभाऊ' ठेवून टाकलं. बाजारात भाजी घेताना कुणी म्हणायचं, "हुडहुडीभाऊ, एकदा करून दाखवा ना!" आणि हे हातातली पिशवी खाली ठेवून तिथल्या तिथे करून दाखवायचे. स्वभावच तसा होता.

खाटेवर पडलेल्या भाऊंजवळ मग नर्सताई यायच्या. कपाळावर हात ठेवून म्हणायच्या, "अंग तापलंय. आधी रक्त तपासू." बोट टोचून काचेवर थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. भाऊ दोन दिवसांत बरे व्हायचे, उरलेल्या गोळ्या खिडकीतून भिरकावून द्यायचे, आणि पुन्हा हुडहुडी भरायची. मग नर्सताई त्यांची अशी हजेरी घ्यायच्या की लोक हसून हसून बेजार. ह्या बाई एरवी नाकावर माशी बसू देत नसत, मग आम्हा मंडळींचं तर नावच नको.

मंचाशेजारी तपासणीचं खरं टेबल मांडलेलं असायचं. ज्याला ताप असेल त्यानं नाटकानंतर यावं, रक्त द्यावं, फुकट औषध न्यावं. खरा कार्यक्रम तो होता. मी आणि भाऊ नुसतं आमिष. पण माणसाची जात विचित्र. मला बघून किंचाळायचे, भाऊंना डोक्यावर घ्यायचे, आणि टेबलाला वळसा घालून घरी जायचे. "कणकण आहे जराशी, जाईल," म्हणायचे. ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "ताई, हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी आहे." नर्सताई शांतपणे म्हणाल्या, "घडा पालथा असेल तर चांगलंच आहे की. त्यात डास तरी होत नाहीत." पण जीपमध्ये बसल्यावर न वापरलेल्या काचा पुसून पुन्हा डब्यात ठेवताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. त्या हसत नव्हत्या.

दोन कार्यक्रमांच्या मध्ये माझा मुक्काम मावशींच्या घरी असे, यंत्राच्या वरच्या खुंटीवर. तिथून सगळी खोली दिसायची. भाऊ घरीही तालीम करायचे. संध्याकाळी खाटेवर आडवे होऊन थरथरायचे आणि विचारायचे, "अगं, खांदे बरोबर हलतात का बघ." मावशी यंत्रावरून मान वर न करता सांगायच्या, "खांदे ठीक आहेत. दात जरा कमी वाजवा, शेजारी झोपलेत." असा संसार होता तो. मला फार आवडायचा.

मग तो आठवडा आला. शाळा उघडायच्या होत्या आणि मावशींच्या यंत्रापुढे गणवेशांचा ढीग पडला होता. रक्ताचं पाणी करून त्या शिवत होत्या. भाऊ कामावरून लवकर आले, खाटेवर पडले आणि थरथरायला लागले. पहिल्या दिवशी मावशींनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊ म्हणाले, "अगं, मला पांघरूण दे ना." तर त्या म्हणाल्या, "अहो, पुरे झाली नाटकं! उठा, माझा जीव मेटाकुटीला आलाय, बटणं तरी लावून द्या."

भाऊ उठले. भिंतीला टेकून बटणं लावायला बसले. सुईत दोरा ओवता येईना. एकेक बटण तिरकं लागत होतं. मी वरून बघत होते. तोंड असून बोलता येत नाही ह्याचं दुःख मला त्या दिवशी जेवढं झालं, तेवढं कधी झालं नाही.

त्याच संध्याकाळी एका वस्तीत कार्यक्रम होता. मावशींनी 'जाऊ नका' म्हटलं असतं तर भाऊ घरी राहिले असते की नाही, कोण जाणे. त्यांना वाटलं असेल, अंग जरा कसकसतंय, नाटक झालं की बरं वाटेल. लोकांना जे करू नका म्हणून सांगत होते, अगदी तेच ते करत होते.

मी नेहमीसारखी गुणगुणत गेले आणि त्यांच्या मानेवर सोंड टेकवली. कागदाची सोंड माझी, पण मला त्यांच्या अंगाची धग लागली. पोट फुगवायचं भानही राहिलं नाही. ते काम ड्रायव्हरनं केलं. मग भाऊ थरथरले. लोक नुसते पेटले. टाळ्या, शिट्ट्या! ड्रायव्हर मागून पुटपुटला, "आज रंगलंय हं!" भाऊ एक वाक्य विसरले, तेव्हा तर हशा थांबेना.

नर्सताई आल्या, कपाळावर हात ठेवला. "अंग तापलंय," म्हणाल्या आणि पुढचं बोलल्याच नाहीत. हात तसाच कपाळावर राहिला. मग त्या ड्रायव्हरकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे खरं आहे रे. गाडी काढ."

भाऊंना दोघांनी उचललं तरी लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटकात नवा प्रवेश घातलाय. कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलंसुद्धा.

जीपमध्ये मला भाऊंच्या शेजारीच कोंबलं होतं. माझा एक पाय तिथेच मोडला, पण त्याचं काय. भाऊ तापात बरळत होते, तेही नाटकातलंच. "आता बरं वाटतंय. गोळ्या टाकून देतो." नर्सताई त्यांच्या ओठांना पाणी लावत प्रत्येक वेळी उत्तर देत होत्या, "टाकायच्या नाहीत. भाऊ, टाकायच्या नाहीत."

पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. एकटा असला की तो माझ्याशी बोलायचा. ताप डोक्यात चढला होता. भाऊ माणसं ओळखत नव्हते. मावशी धावत आल्या तेव्हा पदराला दोऱ्यासकट सुई टोचलेलीच होती. त्या खाटेजवळ बसल्या आणि कपाळावरचा हात काढायला तयार होईनात. डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा, आम्हाला तपासू द्या." तर ह्या म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडून तपासा."

भाऊ वाचले. अर्धे होऊन घरी आले, पण आले. आणि घरी आल्यावर काय केलं असेल ह्या गृहस्थांनी? जरा तरतरी आल्याबरोबर म्हणाले, "आता बरं वाटतंय. गोळ्या पुरे." मावशी पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आ करा." शेवटची गोळी संपेपर्यंत रोज तेच.

त्या दिवशी आपण काय बोललो, ते मावशींनी कुणाला सांगितलं नाही. भाऊंनीही काढलं नाही. पण मावशी आता हसत नव्हत्या. भाऊ झोपले की मध्येच यंत्र थांबवून त्यांच्याकडे बघत बसायच्या. भाऊंच्या ते ध्यानात आलं होतं. एक दिवस ते म्हणाले, "नाटकात एक प्रवेश वाढवायचाय. नवरा थरथरतोय आणि बायको म्हणते, पुरे झाली नाटकं. तू करायचीस बायको."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. "मी मरेन पण ते म्हणणार नाही."

"अगं, घराघरात बायका हेच म्हणतात. नवरेही म्हणतात, सासवाही म्हणतात. तू म्हटलंस तर त्यांना कळेल. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे तुला अजून कळत नाही का? मीच सोंगाड्या, तू तरी काय करणार!"

मावशी खूप रडल्या. मोकळ्या होऊन रडल्या. आणि पुढच्या कार्यक्रमाला माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या.

त्यांनी मंचावर ते वाक्य उच्चारलं तेव्हा बायका खदखदून हसल्या. भाऊ बटणं लावायला बसले तेव्हाही हसल्या. मग भाऊ खाली कोसळले आणि हसू बसल्या जागी विरलं. नाटक संपायच्या आधीच एक बाई उठली, मांडीवर झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि तपासणीच्या टेबलाकडे गेली. "ही कालपासून शाळा नको म्हणत होती," ती नर्सताईंना सांगत होती, "मला वाटलं, ढोंग करतेय." तिच्या मागून दुसरी उठली. त्या संध्याकाळी नर्सताईंच्या काचा संपल्या. मी इतकी वर्षं सोंड हलवून जे जमवलं नाही, ते मावशींच्या तीन शब्दांनी केलं. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

किती वस्त्या हिंडलो आम्ही त्यानंतर! जीपचा धूर, नर्सताईंचा करडा आवाज, ड्रायव्हरचं गुंऽऽई, परतताना भाऊ-मावशींची कुजबुज. पिंपांना झाकणं आली, डबकी बुजली, लोक मच्छरदाणीत झोपायला लागले. ताप ओसरला तसे कार्यक्रमही कमी झाले. बरंच झालं म्हणायचं. डास असून मी हे म्हणते आहे. पण त्या संध्याकाळी मला अजून हव्याहव्याशा वाटतात. जीप भंगारात गेली, नर्सताई निवृत्त झाल्या, आणि भाऊ पिकल्या वयात झोपेतच शांतपणे गेले. मी दवाखान्याच्या अडगळीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर पडून राहिले. उंदरांनी माझा एक पंख खाल्ला.

परवा नव्या नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. गावाबाहेर मोठी इमारत उठतेय. तिथल्या मजुरांच्या झोपड्यांत ताप निघालाय. नर्सबाई मावशींचं घर शोधत गेल्या. मावशी आल्या, पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत. मला पंख लावून दिला. प्रयोगशाळेतला एक तरुण थरथरायला तयार झाला. मावशींनी फक्त आपलं ते वाक्य म्हणायचं होतं.

ह्यापुढे मला कुणी नाचवेल असं वाटत नाही, सांगाडा गंजलाय. म्हणून जाता जाता सांगते. मला घाबरू नका, पण घरात कुणी कुडकुडत असेल तर त्याला हसू नका, रागावू नका, उद्या बघू म्हणू नका. रक्त तपासा, आणि गोळ्या दिल्या तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. डासाकडून आणखी काय ऐकायचंय तुम्हाला?

तर त्या परवाच्या कार्यक्रमात माझं चावून झालं. तरुण थरथरू लागला. फार काही जमत नव्हतं त्याला. भाऊंची सर कुठली यायला! मावशी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. लोक वाट बघत होते. आडोशातून नर्सबाई कुजबुजल्या, "मावशी, वाक्य!"

मावशींनी मान हलवली. पुढे होऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ बाळा. आधी रक्त तपासू."

"अहो मावशी, मला काही झालेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"नसू दे झालेलं. चल."

त्याचा हात धरून त्या मंचावरून उतरल्या आणि काठी टेकत टेकत टेबलाकडे निघाल्या. थोडे लोक हसले. मग एक मजूर उठून त्यांच्या मागे गेला, मग त्याची बायको, मग मुलं कडेवर घेतलेल्या आणखी दोघीतिघी. नाटक अर्ध्यावरच राहिलं. मी मंचावर एकटीच पंख पसरून उभी होते, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण सगळे रांगेत उभे होते.