आठ महिन्यांचा होकार

माणसाला काय काय कळू शकत नाही, हे सरांना पुरतं कळलं होतं. त्यावर त्यांनी साडेसहाशे पानांचं पुस्तक लिहिलं, आणि त्यांची बायको ज्या छापखान्यात बाइंडिंगला होती तिथेच ते बांधून निघालं. त्यामुळे नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाची खोली नाही, तरी वजन बाईंना चोख ठाऊक होतं.

त्याच छापखान्यात घडी घालायच्या यंत्रापाशी पंचवीस वर्षं उभं राहून बाईंचे कान गेले. हळूहळू गेले, पण गेले ते गेलेच. समोरचा ओरडला तरच काही कळायचं, आणि सर तर जन्माचे पुटपुटे. घरी सांगायला बाईंनी तोंड उघडलंही होतं, पण मनात आलं, कशाला? यच्चयावत मानवजातीच्या आकलनाच्या मर्यादा मोजणारा हा गृहस्थ! समोर बसलेली बायको बहिरी झालीय, हे याला कधी उमगतं ते बघू तरी. झालं, बाई हट्टाला पेटल्या.

सर जेवताना ताटात बघून बोलत. बाई मान हलवत, मधूनच ‘खरंय’ म्हणत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर नवरा काय बोलतोय हे कळायला कान कशाला लागतात? डोळे फसवतात, दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, तेच दळण. अलीकडे त्यांचा चेहरा पडलेला असे, पण तत्त्वज्ञाचा चेहरा खुललेला पाहिलाय कुणी? आठ महिने झाले तरी स्वारीला पत्ता नाही. बाईंना आधी हसू यायचं, मग भांडी घासताना रडू यायचं.

शेवटी छापखान्याच्या मालकानेच सगळ्यांचे कान तपासून घेतले आणि बाईंना कानाचं मशीन मिळालं. संध्याकाळी ते केसांआड लपवून त्या जेवायला बसल्या. ऐकू तरी, तत्त्वज्ञान कुठवर आलंय.

“अजून राग आहेच का?” सरांनी ताटाकडे बघत विचारलं.

बाईंची मान सवयीने हलली.

“मी ताईकडे जाऊन राहावं का, असं रविवारी विचारलं, तेव्हाही तू ‘खरंय’ म्हणालीस. बॅग भरलीय मी. उद्या निघतो. फक्त माझं काय चुकलं तेवढं सांग. रोज विचारतोय, तू नुसती मान हलवतेस.”

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी केस मागे सारून कान दाखवला.

“अहो, मला ऐकूच येत नव्हतं. आठ महिने.”

सरांनी वाकून ते मशीन पाहिलं. साडेसहाशे पानांतलं एकही पान मदतीला येईना. त्यांचे डोळे भरून आले.

“मग मला सांगितलं का नाहीस गं?”

प्रश्न बाईंना अगदी स्वच्छ ऐकू आला.